खुणा कुठं ठेवायच्या

बीडच्या बसस्टँडमागं माझं दुकान होतं. बोर्डावर ‘कॉम्प्युटर प्रोग्रॅम करून मिळतील’ असं ठळक लिहिलेलं, तरी निम्मी गिऱ्हाइकं झेरॉक्स काढायलाच यायची. मी झेरॉक्स काढून देत नव्हतो. मी छोटे प्रोग्रॅम लिहून द्यायचो. जिनिंगवाल्याला कापसाच्या वजनपावत्यांचा, दवाखान्याला पेशंटच्या नोंदींचा, टायरच्या दुकानाला मालाचा. एकाच कॉम्प्युटरवर चालणारे, इंटरनेट न मागणारे. आता असले प्रोग्रॅम कुणी घेत नाही. दुकान मी बंद केलं, तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

लोकांना वाटतं, प्रोग्रॅम लिहिणं अवघड. तसं काही नाही. चुकला तर दुरुस्त करता येतो. अवघड असतं ते प्रोग्रॅमच्या सोबतच्या फायली कुठं ठेवायच्या, हे ठरवणं. ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. प्रोग्रॅमच्या पोटात तक्ता असतो. त्यात नाव, गाव, तारीख अशी अक्षरं नि आकडे मावतात. पण फोटो, व्हिडिओ त्याच तक्त्यात कोंबले तर ती फाइल फुगत जाते आणि एक दिवस उघडायचीच बंद होते. म्हणून फोटो-व्हिडिओ बाहेर एखाद्या फोल्डरमध्ये ठेवायचे आणि तक्त्यात त्यांचा फक्त पत्ता लिहायचा. पत्त्यावर बोट दाबलं की प्रोग्रॅम तिथं जाऊन व्हिडिओ आणून दाखवतो. फोल्डर हलला, पुसला गेला, तर तक्त्यात पत्ता तसाच राहतो आणि पत्त्यावर कुणी नसतं.

मांजरसुंब्याच्या एका टायरवाल्यानं मला न विचारता सगळ्या टायरांचे फोटो डेस्कटॉपवर ठेवले होते, समोर दिसावेत म्हणून. त्याच्या मेहुण्याला ती गर्दी बघवली नाही. त्यानं पडदा लख्ख करून ठेवला. तेलगावच्या एका जिनिंगमध्ये गाड्यांचे फोटो ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवलेले, माझ्या आधीच्या माणसानं. नवा मुनीम आला, त्यानं स्वतःच्या नावानं कॉम्प्युटर उघडला, तर एकही फोटो नाही. मालकानं हमालांच्या देखत त्याला चोर ठरवलं. मी जाऊन दाखवलं की प्रत्येकाच्या नावाचं डॉक्युमेंट्स वेगळं असतं आणि फोटो जुन्या मुनिमाच्या नावाखाली जसेच्या तसे आहेत. मालक म्हणाला, ‘‘मंग कंप्युटरच चोर हाय म्हना की.’’ सगळे हसले. मुनीम तोवर गाव सोडून गेला होता.

असल्या गोष्टी बघून बघून मी एक नियम केला. सी ड्राइव्हवर काही ठेवायचं नाही, कारण कॉम्प्युटर बिघडला की मेकॅनिक आधी तोच पुसतो. डी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करायचा. त्याची एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क कॉम्प्युटरपासून लांब ठेवायची. हा नियम मी धंदा बंद करेपर्यंत पाळला. आता जे सांगणार आहे, तिथंही पाळला होता.

आष्टीच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, माळावर मूकबधिर मुलांची एक निवासी शाळा आहे. तिथल्या वाकळे मॅडम एकदा एसटीनं माझ्या दुकानात आल्या. उंच, सावळ्या, खांद्याला कापडी पिशवी. बोलताना त्यांचे हातही चालायचे. समोर ऐकू येणारा माणूस आहे हे त्या विसरून जायच्या.

‘‘रफीकभाई तुम्हीच का?’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला एक कोश करायचाय. पण शब्दांचा न्हाई, हातांचा.’’

मला काही कळलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि समजावून सांगितलं. त्यांच्या शाळेत येणारी बहुतेक मुलं ऊसतोड कामगारांची. ऐकू येत नाही हे घरच्यांच्या उशिरा लक्षात येतं. तोवर लेकरू आणि त्याची आई मिळून आपापल्या खुणा तयार करतात. शाळेत शिक्षक पुस्तकातल्या खुणा शिकवतात, त्या देशभर चालतात, त्या शिकवायलाच हव्यात. पण पहिल्या दिवशी लेकरू जे हात हलवून सांगत असतं ते कुणालाच कळत नाही.

‘‘मागल्या वर्षी एक पोरगं आठवडाभर गालावर बोटं ओढून मागं बघायचं नि रडायचं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आम्ही समजलो, दाढ दुखतीय. दवाखान्यात नेलं. त्याची आई आली तव्हा कळलं, ते बिबट्या म्हणत होतं. होस्टेलच्या मागच्या उसाला भ्यायचं.’’

त्यांना प्रत्येक मुलाच्या घरच्या खुणांचे छोटे व्हिडिओ करायचे होते. शब्द लिहिला की त्या शब्दाच्या सगळ्या घरांतल्या खुणा दिसाव्यात, म्हणजे नवीन लेकरू आलं की शिक्षकाला ते काय म्हणतंय याचा अंदाज येईल. मी इतकी वर्षं पावत्या आणि मालाचे आकडे केले होते. हे काम मला फार आवडलं. मी दर रविवारी शाळेत जायला लागलो.

कोशाचा खरा जीव म्हणजे दगडूभाऊ. त्यांची मुलगी रेणुका तेव्हा त्या शाळेत चौथीत होती. बापलेक दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. रेणुकाची आई ती लहान असतानाच गेली. त्यामुळं घरात ही दोघं आणि त्यांची ती दोघांचीच भाषा. इतर मुलांकडं फार तर पाचपन्नास खुणा असायच्या. दगडूभाऊंकडं सगळ्या जगाच्या होत्या. नळाचं पाणी वेगळं, टँकरचं पाणी वेगळं. टँकरच्या पाण्याला ते दोन्ही कोपरांनी माणसं ढकलायचे. मुकादम म्हणजे बोटाभोवती जीपची किल्ली फिरवायची. कारखाना म्हणजे डोक्यावर मूठ ठेवून ती धुरासारखी उघडत वर न्यायची. पुढारी म्हणजे दोन्ही हात जोडून लगेच घड्याळ बघायचं. हे बघून वाकळे मॅडम हसून हसून भिंतीला टेकायच्या. दगडूभाऊ हसायचे नाहीत. गंभीर चेहऱ्यानं पुढच्या शब्दाची वाट बघायचे.

व्हिडिओ ठेवायचे कुठं, हा प्रश्न आला तेव्हा मी मॅडमना माझा नियम सांगितला. डी ड्राइव्हवर ‘खुणा’ नावाचा फोल्डर, आणि त्याची नक्कल वेगळ्या डिस्कवर. शिवाय म्हणालो, एक नक्कल माझ्या दुकानात ठेवू, किंवा इंटरनेटवर टाकून देऊ. म्हणजे शाळा जळाली तरी काही होणार नाही.

मॅडमचा चेहरा बदलला. ‘‘न्हाई. शाळेच्या बाहेर न्हाई जायचे.’’

‘‘मॅडम, माझ्या दुकानात कोण बघतंय?’’

‘‘तुमचा इश्वास हाय हो. पण मी शब्द दिलाय.’’

दगडूभाऊंचा एक व्हिडिओ पूर्वी कुणीतरी बाजारात काढला होता. ते बैलाचं वर्णन करत होते, आणि काढणाऱ्यानं त्याच्यावर गाणं लावून तो सगळ्या तालुक्यात फिरवला. ‘मुक्याचा डान्स’ म्हणून. पोरं त्यांना रस्त्यात अडवून तसे हात करायची. एका मुलीच्या आईनं तर मॅडमच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं. मॅडम वस्तीवस्तीवर गेल्या आणि प्रत्येक घरी कबूल केलं, की हे व्हिडिओ शाळेच्या कॉम्प्युटरवर राहतील, बाहेर एकही जाणार नाही. दगडूभाऊंनी तर स्वतः ती अट घातली. कॉम्प्युटरकडं बोट, मग खाली फरशीकडं बोट, मग मूठ घट्ट मिटून माझ्यासमोर धरली. मी मान हलवेपर्यंत त्यांनी मूठ खाली घेतली नाही.

नक्कल असलेली डिस्क मॅडमच्या लोखंडी कपाटात ठेवायची, असं ठरलं. नवीन व्हिडिओ आले की त्या स्वतः डिस्क जोडून नक्कल घ्यायच्या, मी शिकवलं होतं तसं. कधी विसरल्या नाहीत. कापाकापीसुद्धा मी तिथंच बसून करायचो. व्हिडिओच्या पुढचा-मागचा रिकामा भाग काढायचा, फाइलला नंबर द्यायचा, तक्त्यात शब्द, माणसाचं नाव, फाइलचा पत्ता आणि लांबी भरायची. हळूहळू तो कोश एवढा झाला की नवीन शिक्षक आला तर मॅडम त्याला आधी कोशासमोर बसवायच्या.

मग काही वर्षं गेली. रेणुका शाळेतून बाहेर पडली. तिचं लग्न झालं, नवराही ऐकू न येणारा, तोही ऊस तोडायचा. एका हंगामात दगडूभाऊ गेले. फडात ट्रॅक्टरवाला भरलेली ट्रॉली मागं घेत होता आणि दगडूभाऊ तिच्याकडं पाठ करून मोळी बांधत होते. सगळे ओरडले, असं त्यांच्या टोळीतला माणूस मॅडमना सांगत होता. ‘‘लई वरडलो बघा मॅडम. समदी टोळी वरडत होती.’’ हे त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं.

त्या दिवशी मॅडमनी मला फोन केला. म्हणाल्या, ‘‘आपल्याकडं ते हायत, रफीकभाई. निदान आपल्याकडं तरी हायत.’’

त्याच्या पुढच्या वर्षी मॅडमचं ऑपरेशन झालं आणि त्या लांबच्या रजेवर गेल्या. त्या काळात शाळेची हजेरी ऑनलाइन करायचा हुकूम आला. शाळेतला कॉम्प्युटर जुना, रडतखडत चालणारा. संस्थेच्या सचिवांनी गावातून एका मेकॅनिकला बोलावलं. तो आपल्या कामात हुशार होता, हे मला सांगायलाच पाहिजे. त्यानं क्लार्कला विचारलं, यात कामाचं काय काय आहे? क्लार्कनं पगारपत्रकं सांगितली, मुलांची यादी सांगितली आणि मॅडमच्या कोशाची ती एक फाइल दाखवली, ‘‘हे मॅडमचं हाय, हे ठिवा.’’ म्हणजे तक्ता वाचला. व्हिडिओंचा फोल्डर क्लार्कनं कधी बघितलाच नव्हता. मेकॅनिकनं बघितला. पुढं मी त्याला भेटलो तेव्हा तो खरं तेच बोलला.

‘‘भाई, उघडून बघितला होता मी. एक-दोन व्हिडिओ बघितले. माणूस हात हलवतोय, आवाज काहीच न्हाई. मला वाटलं पोरांचं टाइमपास हाय. नंबरच तर होते त्याला, नाव कुठं होतं?’’

नाव तक्त्यात होतं. मीच असं ठरवलं होतं. सगळे असंच करतात, तसंच करायचं असतं.

जागा कमी पडत होती म्हणून त्यानं सी आणि डी पुसून एक करून टाकले आणि नवी विंडोज भरली.

कपाटातली डिस्क राहायला हवी होती. पण सचिवांच्या घरी लग्न होतं आणि व्हिडिओवाल्याला एक मोठी डिस्क पाहिजे होती. सचिवांकडं शाळेच्या सगळ्या कपाटांच्या चाव्या. त्यांनी डिस्क काढून दिली. व्हिडिओवाल्याच्या मशिनला ती वाचता येईना. मशिननं विचारलं, फॉरमॅट करू का? त्यानं हो म्हटलं.

रजेवरून आल्यावर मॅडमनी कोश उघडला. तक्ता व्यवस्थित आला. सगळ्यात आधी ‘भाकर’वर बोट दाबलं. पडद्यावर काळी चौकट आली आणि खाली, फाइल सापडत नाही. मग ‘पाणी’. मग ‘आई’. मग एकेक करून त्या सगळ्या शब्दांवर दाबत गेल्या. मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज अगदी सपाट होता.

‘‘रफीकभाई, उघडतच न्हाई कोनी.’’

पुसलेल्या डिस्कमधून फायली काढता येतात, हे खरं आहे. पुसणं म्हणजे नुसती पाटी काढणं असतं, माल बऱ्याचदा आतच असतो. पण त्याच्यावर दुसरा माल भरला की संपलं. शाळेच्या कॉम्प्युटरवर नवी विंडोज, तिच्यावर महिनोन्‌महिने काम. डिस्कवर संपूर्ण लग्न. मी दोन्ही डिस्का काढून फायली परत आणणारे जेवढे प्रोग्रॅम मला माहीत होते तेवढे चालवले. औरंगाबादला ओळखीच्या एकाकडं घेऊन गेलो. काही फायली सापडल्या, त्या घेऊन शाळेत आलो. नंबर तोच, आकारही तोच. मॅडम शेजारी येऊन बसल्या. मी दगडूभाऊंच्या एका फाइलवर दाबलं. आतून वरात निघाली. घोडा, त्याच्यापुढं नाचणारी माणसं, आणि एवढा मोठा आवाज की मॅडमनी दोन्ही कानांवर हात ठेवले. दुसरीत निम्मा पडदा हिरवा आणि कडेला कुणाचा तरी कोपर. तो कुणाचा हेही कळेना.

सचिव तिथंच होते. माणूस वाईट नव्हता, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. म्हणाले, ‘‘मॅडम, कावून एवढं जिवाला लावून घेता? दुसरे काढू की. पोरं तर हायतच.’’

मला वाटलं होतं मॅडम भांडतील. त्यांनी कपाटाची चावी पर्समधून काढली आणि सचिवांच्या समोर टेबलावर ठेवली. ‘‘ही मला आता कशाला?’’ एवढंच म्हणाल्या आणि वर्गावर गेल्या.

त्यांनी पुन्हा सुरुवात करायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. पण जुनी मुलं मोठी होऊन कारखान्यांवर पांगली होती, कुणी कर्नाटकात, कुणी सांगली-कोल्हापूरकडं. जी भेटली त्यांना लहानपणीच्या खुणा आठवत नव्हत्या. आता त्यांच्या हातात मोबाइल, त्यावर देशभरातले बहिरे मित्र, सगळ्यांच्या खुणा एकसारख्या. हे चांगलंच आहे, मॅडमच म्हणायच्या. त्या खुणांमुळं ती मुलं जगाशी बोलायला लागली. पण हे बोलताना मॅडमचा हात थांबायचा.

माझ्या डोक्यातून एकच गोष्ट जात नव्हती. जागा मी बरोबर निवडली होती. दोन्ही जागा बरोबर होत्या. आजही मला कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. मग हे काय झालं? मेकॅनिकनं विचारून काम केलं, क्लार्कनं त्याला माहीत होतं ते सांगितलं, मॅडमनी शब्द पाळला. एकाही माणसाकडं बोट दाखवून मोकळं होता येत नव्हतं. धंद्यावरचं माझं मन तिथंच उडालं. नवीन काम आलं की मी फोल्डर करायला बसायचो आणि हात चालायचा नाही.

गेल्या दिवाळीनंतर मॅडमचा फोन आला. रेणुका येणार आहे, तुम्ही या. टोळी निघायच्या आधी तिला बापाचे व्हिडिओ बघायचे होते. तिला मुलगी झाली होती, तिलाही ऐकू येत नव्हतं. आजोबा कसा बोलायचा हे लेकीला दाखवायचं होतं.

‘‘तुम्ही तिला सांगितलं नाही?’’ मी विचारलं.

‘‘निरोपात कसं सांगू? तुम्ही या, मला एकटीला जमायचं न्हाई.’’

मी गेलो. दुपारची वेळ, शाळेला सुट्टी, ऑफिसात आम्हीच. रेणुका आली ती मुलीला कडेवर घेऊन. आता चांगली उंच झाली होती, हाडापेरानं बापासारखी. मला तिनं ओळखलं, हसली. मॅडमनी तिला जवळ बसवून हातांनी सगळं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला. मध्ये दोनदा मॅडमचे हात मांडीवर येऊन पडले आणि पुन्हा वर गेले. रेणुकाचे डोळे त्या हातांवर. मग तिनं कॉम्प्युटरकडं बोट दाखवलं. मॅडमनी मला तिचं बोलणं सांगितलं, ‘‘ती म्हनतीय, नावं तर दिसत्यात की.’’

तिला वाचता येत होतं. तिनं स्वतः माऊस हातात घेतला. ज्या ज्या ओळीत ‘दगडू’ होतं तिथं दाबत गेली. काळी चौकट. पुढची ओळ. काळी चौकट. मी म्हणणार होतो, पुरे. तेवढ्यात ‘मुकादम’ ही ओळ आली. चौकट काळी झाली आणि रेणुकानं बोटाभोवती किल्ली फिरवली. मॅडमकडं बघितलं, बरोबर आहे ना?

मॅडमनी तोंडावर हात घेतला आणि मान हलवली.

मग ती सगळीच करत गेली. कारखाना, टँकरचं पाणी, पुढारी. तसाच गंभीर चेहरा. तिची मुलगी टेबलावर बसून आईचे हात बघत होती आणि मध्येच स्वतःचे पंजे उघडमीट करत होती. मॅडमनी घाईघाईनं पर्समधून मोबाइल काढला. बोट उचलून रेणुकाला विचारलं, काढू का? रेणुकानं मॅडमच्या हातातला मोबाइल बाजूला केला आणि स्वतःचा पुढं केला. ‘‘बाहेर जायचं न्हाई असं मी कबूल केलं होतं,’’ मॅडम तिला हातांनी सांगताना तोंडानंही म्हणत होत्या. रेणुकानं खांदे उडवले. माझाच बाप आहे, असं म्हणाली. मी तिचा मोबाइल धरून उभा राहिलो. कितीतरी वर्षांनी मॅडमना मी हसताना बघितलं. मलाही वाटलं, निम्मं तरी परत आलं.

यादीच्या शेवटाकडं घरातल्या माणसांची नावं होती. ऐकू न येणारी माणसं एकमेकांना खुणेनं नाव देतात. प्रत्येक माणसाची एक खूण. रेणुकाची तिच्या बापानं दिलेली होती, हनुवटीला टेकवलेलं बोट, कारण तिथं तिला तीळ आहे. ती तिनं करून दाखवली. त्याच्याखालची ओळ होती, ‘रेणुकाची आई’. माणूस, दगडू.

तिनं दाबलं. काळी चौकट आली.

रेणुकाचे हात वर उचलले गेले आणि तसेच राहिले. तिनं मॅडमकडं बघितलं. मॅडमनी मला सांगितलं नाही तरी मला कळलं. आई गेली तेव्हा ती फार लहान होती, आणि बाप पुढं तिच्यासमोर ते नाव घेत नसावा. तिला ते माहीत नव्हतं. ते बघायलाच ती आली होती.

मॅडमनी हात नाकाशी नेला. मग कानाशी नेला. मग खाली आणला. ‘‘नाकाजवळ होतं काहीतरी,’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘का केसाला होतं? रफीकभाई, तुम्हीच तर तिथं बसून कापलं होतं.’’

मी कापलं होतं. मला तो रविवार लख्ख आठवत होता. मॅडमनी तो शब्द विचारला आणि दगडूभाऊ बराच वेळ दोन्ही हात खाली सोडून नुसते उभे राहिले, कॅमेऱ्याकडं न बघता. तेवढा सगळा भाग मी रिकामा म्हणून पुढून काढून टाकला होता. ते खाली सोडलेले हात मला आजही दिसतात. मग ते वर गेले. वर गेल्यावर त्यांनी काय केलं, ते मला आठवत नाही.

रेणुकानं पडद्यावर ओळीच्या शेवटच्या रकान्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं, हे काय? मॅडमनी सांगितलं, एवढा वेळ चालतो तो. चार सेकंद.

रेणुका त्या काळ्या चौकटीकडं थोडा वेळ बघत राहिली. मग वळून माझ्याकडं बघितलं. मला समजावं म्हणून सावकाश हात केले. तू. डोळे. बघितलं?

मी मान हलवून हो म्हणालो.

मग ती माझ्या हातांकडं बघत थांबली.